लहान पोरांना हक्क कसे शिकवायचे, घरापासून वळिवड्यापर्यंत

पाच-सहा वर्षांच्या पोराला मानवी हक्क वगैरे काय कळणार, असं बऱ्याच आया विचारतात. मला तर वाटतं त्याच वयात सगळ्यात जास्त कळतं. "त्याला जास्त दिलंस", "आधी माझा नंबर होता", "मला कुणी विचारलंच नाही", ही तीन वाक्यं पोरं बालवाडीत जायच्या आधीच बोलायला लागतात आणि समान वागणूक, न्याय, मत मांडायचा अधिकार हे सगळं त्यात आलंच की. आपण फक्त एवढंच करायचं की हे जे त्याला स्वतःपुरतं कळतंय ते दुसऱ्याच्या बाबतीतपण खरं आहे हे हळूहळू दाखवत न्यायचं.

मी कोल्हापुरात आमच्या कॉलनीतली पोरं शनिवारी संध्याकाळी जमवते, चार ते दहा वयाची, खेळ, गप्पा, गोष्टी असं चालतं. तिथे काय जमतं, घरी काय करता येतं आणि काय अजिबात करू नये ते लिहितेय, ज्याला जे उपयोगी पडेल ते घ्या.

सगळ्यात आधी एक गोष्ट स्वतःच्या डोक्यात पक्की करा. हक्क म्हणजे बक्षीस नाही. आपल्याकडे हक्क म्हटलं की पुढच्याच वाक्यात कर्तव्य येतं, शाळेच्या भाषणात तर हमखास, आणि पोरांच्या डोक्यात बसतं की चांगलं वागलो तर हक्क मिळणार, नाही वागलो तर काढून घेणार. असं नसतं हो. आपल्या राज्यघटनेत मूलभूत हक्क २६ जानेवारी १९५० पासून आहेत आणि मूलभूत कर्तव्यं १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आली, मधली सव्वीस वर्षं लोकांना हक्क होतेच ना? कर्तव्यं शिकवा, जरूर शिकवा, पण सौदा म्हणून नको. दंगा केला म्हणून आयपॅड बंद करा, टीव्ही बंद करा, ते आपल्या हातात आहे. जेवण, झोप, खेळ, शाळा आणि मार न खाणं यातलं काही शिक्षा म्हणून काढून घ्यायचं नाही. घरात ही रेघ एकदा ओढली की अर्धं काम झालं, कारण पोरं ऐकून कमी आणि बघून जास्त शिकतात.

तीन-चार वर्षांची असतील तर

या वयात एकच धडा, माझं शरीर माझं आहे. गुदगुल्या करताना पोरगं "नको" म्हणालं की हात तिथल्या तिथे थांबवायचा, हसत हसत म्हणालं तरी थांबवायचा. पाहुण्यांना पापी द्यायची नसेल तर नमस्कार कर, टाटा कर, टाळी दे, काय आवडतं ते कर. आजीला वाईट वाटतं कधीकधी, तिला आधी बाजूला घेऊन नीट समजावून सांगा, आज्या समजून घेतात. हे लाड नाहीत. घरात ज्याचं नको ऐकलं जातं तेच पोरगं बाहेर कुणी नको तसा हात लावला तर ओरडायची हिंमत करतं आणि घरी येऊन सांगतं. सरप्राइज आणि गुपित यातला फरक पण इथेच सांगून टाका, बाबांच्या वाढदिवसाचा केक हे सरप्राइज, ते शेवटी सगळ्यांना कळणारच असतं, पण "कुणाला सांगू नकोस हं" असं कुणी मोठ्या माणसाने म्हटलं तर ते आईबाबांना सांगायचंच. आणि १०९८ हा नंबर पाढ्यांसारखा पाठ करून घ्या, दहा नऊ आठ, मुलांसाठीचा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो.

मत विचारायचं म्हणजे नेमकं काय

इथे बरेच पालक घाबरतात. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार २० नोव्हेंबर १९८९ ला झाला आणि भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला, त्यात बाराव्या कलमात आहे की मुलाशी संबंधित गोष्टीत मुलाला मत मांडता आलं पाहिजे आणि त्याचं वय, समज बघून त्या मताला वजन दिलं पाहिजे. वजन दिलं पाहिजे, तो म्हणेल तेच झालं पाहिजे असं नाही. मी पालकांना नेहमी इंजेक्शनचं उदाहरण देते. इंजेक्शन घ्यायचं की नाही हे पोरगं ठरवत नाही, ते डॉक्टर आणि आपण ठरवतो आणि तसं त्याला स्पष्ट सांगायचं, "दुखणार नाही" असं खोटं सांगायचं नाही. पण कुठल्या हाताला, आईच्या मांडीवर की बाबाच्या, सुई बघायची की तोंड फिरवायचं, नंतर आईस्क्रीम की उसाचा रस, हे सगळं त्याने ठरवायचं. रडायचं असेल तर रडायची पण मुभा. एवढ्या पाच मिनिटांत त्याला कळतं की आपल्याला काही गोष्टी कराव्या लागतात पण म्हणून आपण वस्तू नाही.

घरातले निर्णय असे तीन ढिगात टाकून बघा, त्याचे त्याने घ्यायचे, मिळून घ्यायचे आणि मोठ्यांनी घ्यायचे. पहिल्या ढिगात खरंच काहीतरी ठेवा, नाहीतर विचारायचं नाटक आहे हे पोरांना लगेच कळतं.

आणि मार. यावर मी जरा जोरात बोलते कारण अजूनही पालकसभेत "बाई, खुशाल दोन फटके द्या, आमची ना नाही" म्हणणारे भेटतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, पालकांनी परवानगी दिली म्हणून ते कायदेशीर होत नाही. पोराच्या अंगावरचा हक्क दुसऱ्याला देऊन टाकायचा अधिकार आईबापांना पण नाही. हे पोरांना सांगा, त्यांच्या शब्दात सांगा, "शाळेत तुला कुणी मारू शकत नाही, मारलं तर घरी सांग, आम्ही तुझ्यावर चिडणार नाही."

गरज की हौस, हा खेळ नक्की खेळा

पाच ते आठ वयाला हा मस्त जमतो. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पोरांकडूनच चित्रं काढून घ्या, पाणी, भाकरी, घर, शाळा, दवाखाना, मोबाइल, सायकल, चॉकलेट, मित्र, आपली भाषा, खेळायला मैदान, नवीन कपडे, आईबाबा, टीव्ही, देवाची प्रार्थना, न मारणारे सर. मग सांगायचं, आपण सगळे एका नवीन गावाला राहायला चाललोय, बसमध्ये जागा कमी आहे, चार चित्रं खाली ठेवा. पहिली चार पटकन जातात. मग अजून चार. इथे भांडणं सुरू होतात आणि तेच पाहिजे, आपण मधे पडायचं नाही.

आमच्याकडे एकदा एका सहा वर्षांच्या पोरीने मोबाइल सोडायला ठाम नकार दिला, बाकीची पोरं तिला हसायला लागली, तर ती म्हणाली माझे पप्पा दुबईला असतात, मोबाइल नसला तर पप्पा नाहीत. सगळी गप्प. मग पोरांनीच ठरवलं की तिच्यासाठी ती गरज आहे आणि बाकीच्यांसाठी हौस. आता हे मी कितीही भाषण दिलं असतं तरी शिकवता आलं नसतं. शेवटी जी चित्रं हातात उरतात ती एका कागदावर चिकटवा आणि सांगा, जगातल्या प्रत्येक पोराला हे मिळालंच पाहिजे असं बहुतेक सगळ्या देशांनी मिळून लिहून दिलंय. खेळ पण त्यात आहे, त्याच बालहक्क कराराचं एकतिसावं कलम, हे ऐकल्यावर पोरांचे चेहरे बघा. आणि मग पुढचा प्रश्न विचारा, आपल्या आजूबाजूला यातलं काय कुणाला मिळत नाही?

इथून खरं काम सुरू होतं. आमच्याकडे दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की शिवाराशिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, बीडकडून, मराठवाड्यातून येतात, उसाच्या पाल्याच्या कोप्या म्हणजे झोपड्या पडतात. पोरं बसमधून बघतात आणि विचारतात, ती पोरं शाळेत का नाहीत? याला "गरीब आहेत बिचारी" हे उत्तर देऊ नका, त्यातून पोराला काहीच कळत नाही, फक्त आपण वर आणि ते खाली एवढं बसतं. खरं कारण सोप्या शब्दात सांगता येतं. आईबाबा दोघं मिळून ऊस तोडतात, त्या जोडीला कोयता म्हणतात, मजूर आणणाऱ्या मुकादमाकडून आधीच उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात ते कामातून फेडायचे असतात, घरी सांभाळायला कुणी नसलं तर पोरं बरोबर येतात, अर्ध्या वर्षात शाळा सुटते. कायद्याने सहा ते चौदा वयाच्या पोराला वर्षाच्या मधेच येऊन पण जवळच्या शाळेत वयानुसार वर्गात बसता येतं, म्हणजे हक्क आहे, पण तो कोपीपर्यंत पोचवावा लागतो. मग मोठ्यांनी करायचं ते हे की जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारायचं, या हंगामात टोळीवरची पोरं पटावर घेतली का, आणि पोरांनी करायचं ते हे की रविवारी लगोरीला त्यांना बोलवायचं, आपल्या टीममध्ये घ्यायचं. जुने कपडे वाटताना फोटो काढायचा कार्यक्रम कृपा करून नको. ज्याच्याबरोबर सकाळी फोटो काढून दान दिलं त्याच्याबरोबर पोरगं संध्याकाळी बरोबरीने खेळू शकत नाही.

घरातला कप

पोरं सगळं बघतात. घरकामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असतो का, त्या खाली बसतात का, सोसायटीच्या लिफ्टने त्यांना येऊ देतात का. तो वेगळा कप ओट्यावर असेल तर समतेवरचा कुठलाही धडा पोराला खोटा वाटणार, आणि बरोबरच आहे त्याचं. आधी कप बदला, मग गोष्ट सांगा.

गोष्ट कुठली, तर महाडची. २० मार्च १९२७, चवदार तळं. पोरांना मी अशी सांगते की तळं गावाचं होतं, गुरं पाणी प्यायची, पाखरं प्यायची, पण काही माणसांना पिऊ देत नव्हते, जात बघून. मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली ठराव झाला होता की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, महाडच्या नगरपालिकेने पण मान्य केलेलं, तरी कुणाला पाण्याला हात लावता येत नव्हता, मग बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन चालत तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. एवढ्याशा कृतीला एवढी माणसं का लागली, हा प्रश्न पोरांवर सोडा. त्यांना मारहाण झाली हे पण सांगा, आठ वर्षांच्या पोराला ते झेपतं, लपवलं तर गोष्ट अर्धवट राहते.

दुसरी एक पोरांना भारी आवडते. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि जे आईबाप पोराला शाळेत पाठवणार नाहीत त्यांना महिन्याला एक रुपया दंड लावला. दंड पोराला नाही, आईबापाला! यावर पोरं उड्या मारतात. मग विचारायचं, असं का केलं असेल, आणि त्यांच्या उत्तरातूनच येतं की शिकवणं ही मोठ्यांची जबाबदारी आहे, शिकणं हा माझा हक्क आहे.

आता जग

जगाच्या नागरिकत्वाचं आपल्या घरातलं एकमेव वाक्य म्हणजे "ताटात टाकू नकोस, आफ्रिकेत पोरांना खायला मिळत नाही". हे वाक्य आजपासून बंद करा. पोरगं तर जेवत नाहीच, वर त्याच्या डोक्यात चोपन्न देशांचा एक अख्खा खंड म्हणजे उपाशी माणसं असं चित्र बसतं. त्यापेक्षा एक दिवस इथिओपियाचा इंजेरा दाखवा, आंबवलेल्या पिठाचा, जाळीदार, आपल्या आंबोळीसारखाच पण परातीएवढा, सगळे मिळून एकाच ताटातून खातात. जंजिरा किल्ला बघायला नेलं तर तिथले सिद्दी मूळचे आफ्रिकेतून आलेले हे सांगा. एखाद्या देशाची पहिली ओळख जेवण, खेळ, शाळा अशी व्हावी, मग संकटाची झाली तर चालते, तोपर्यंत ती माणसं ओळखीची झालेली असतात.

कपड्यांच्या आत लेबल असतं ते वाचायचा खेळ घ्या. कुणाचा टीशर्ट तमिळनाडूतल्या तिरुपूरचा निघतो, कुणाचा बांगलादेशचा, चॉकलेटचा कोको बहुतेक आयव्हरी कोस्ट नाहीतर घानाचा. नकाशावर दोरा लावत जायचं. आठच्या पुढची पोरं असतील तर सांगता येतं की कोकोच्या शेतात तुमच्याएवढी पोरं पण राबतात, पण मग "चॉकलेट खाणं पाप" असं करू नका, पोरं रात्री झोपत नाहीत. प्रश्न मोठ्या कंपन्या आणि सरकारांनी सोडवायचा आहे, आपण विचारत राहायचं, हे पुरेसं आहे.

पण जग शिकवायला मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलंय ते वळिवडे, कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधली हजारो कुटुंबं रशियाने उचलून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकली होती, तिथून सुटल्यावर इराणमार्गे ती भारतात आली आणि १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं वळिवड्याच्या छावणीत राहिली, बहुतेक बायका आणि पोरं. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दुकानं होती. कोल्हापुरातल्या महावीर गार्डनमध्ये त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, आणि २०१९ मध्ये त्यावेळची काही पोरं, ऐंशी-नव्वदीची झालेली, पुन्हा कोल्हापूरला येऊन गेली. पोरांना तिथे न्या. सांगा, तुझ्याएवढी पोरं होती, भाषा येत नव्हती, बाबा कुठे आहेत माहीत नव्हतं, आणि आपल्या गावाने त्यांना जागा दिली. मग विचारा, अशी पोरगी तुझ्या वर्गात आली तर पहिल्या दिवशी तू काय करशील? एकाने सांगितलं होतं, मी तिला आधी बाथरूम कुठे आहे ते दाखवेन. मला नाही वाटत निर्वासितांवर याहून चांगलं उत्तर कुणी दिलं असेल.

आणि त्याच छावणीत पोलिश लोक गेल्यावर फाळणीत घरदार सुटलेले सिंधी लोक आले, तेच आजचं गांधीनगर, जिथे आपण सगळे लग्नाचा बस्ता बांधायला जातो. निर्वासित म्हणजे टीव्हीवरचे कुणी नाहीत, आपल्या अंगावरचा शर्ट ज्यांच्या दुकानातून आला ते आहेत. पोरांना नवीन माणसांचा बाऊ वाटायचा बंद होतो.

तुमच्या गावाला वळिवडे नसेल पण काहीतरी असतंच. सोलापूरवाल्यांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस आहेत, १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला जखमी सैनिकांवर उपचार करायला गेले आणि १९४२ मध्ये तिकडेच वारले, वय बत्तीस. मुलींना हंसा मेहतांबद्दल सांगा. मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ ला आला, त्याच्या मसुद्यात आधी सगळे 'पुरुष' जन्मतः स्वतंत्र आहेत अशा अर्थाची ओळ होती, भारताच्या प्रतिनिधी म्हणून बसलेल्या हंसाबाईंनी आग्रह धरून तिथे सगळी माणसं असं करून घेतलं. एका बाईने हटून बसून एक शब्द बदलला आणि तो सगळ्या जगाला लागू झाला.

अर्ज लिहा

नुसत्या गोष्टी ऐकून पोरं कंटाळतात, काहीतरी करायला द्या. आमच्या बागेतली घसरगुंडी फाटलेली होती, पत्र्याची कड वर आलेली, एकाची चड्डी फाटली, एकीच्या मांडीला लागलं. पोरांना म्हटलं खेळायचा हक्क आहे ना, मग मागा. आधी त्यांनी बागेत जाऊन चित्र काढलं, मोडलेल्या जागेवर लाल खडू. मग मोजलं, किती पोरं संध्याकाळी येतात, किती परत जातात. मग अर्ज. "मा. आयुक्त साहेब, महानगरपालिका" इथपासून त्यांनी स्वतः लिहिला, मी फक्त विचारलं तर सांगत होते, शुद्धलेखन दुरुस्त केलं नाही. चार वर्षांच्या पोरांनी अंगठ्याला रंग लावून ठसे उमटवले. अर्जात विनवण्या नकोत एवढं एकच बघा, "कृपया आम्हा लहानग्यांवर दया करावी" असलं काही शाळेतल्या सवयीने येतं, ते काढायला लावा. काय मोडलंय, कुणाला लागलं, कधीपर्यंत दुरुस्त करणार, एवढंच.

द्यायला पोरांना घेऊन जा, कामाच्या दिवशी, शाळा अर्धी बुडाली तरी चालेल. अर्जाची दुसरी प्रत बरोबर ठेवा आणि आवक विभागातून त्या प्रतीवर शिक्का, तारीख, नंबर टाकून पोच घ्या, पोच पोराच्या हातातच द्यायला सांगा. उत्तर लगेच येत नाही, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे पोरं हिरमुसत नाहीत. कॅलेंडरवर पंधरा दिवसांनी खूण करून ठेवायची आणि त्या दिवशी पोच घेऊन परत जायचं, "आमच्या अर्जाचं काय झालं" असं पोरांनीच काउंटरवर विचारायचं, आपण मागे उभं राहायचं.